माझ्या आधी येऊन गेलेला अर्जदार

माझं शिक्षण तिसरी. हे मी वहीत पेन्सिलीने लिहिलंय आणि सून मोबाईलवर टाईप करून देतेय. शुद्धलेखन तिचं, मजकूर माझा. रोज जेवण झालं की ती इथले भुताखेताचे अनुभव मोठ्याने वाचते. मी खाटेवर पडून ऐकतो आणि हसतो. चिंच, वड, पांढरी साडी... मी तीस वर्षं लाँचवर तांडेल होतो. सुकाणू माझ्या हातात आणि मागे आठ खलाशी. काळोखात, धुक्यात, वादळात समुद्र बघितला, पण पाण्यावर माशाशिवाय काही दिसलं नाय. ज्याला दिसतं त्याचं पोट बिघडलेलं असतं, हे माझं मत. अजूनही बरंचसं तेच आहे. फक्त एका सोमवारचं काय करायचं ते मला कळत नाय.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, अंजनवेलच्या अलीकडे खाडीला लागून. गावात मला तात्या म्हणतात. शिमग्याला ग्रामदेवीची पालखी देवळातून निघते तेव्हा पहिला खांदा आमच्या घराचा. म्हणजे होता. मी सहा वर्षांचा असताना देवीच्या मुखवट्याचा एक चांदीचा डोळा गेला. चोरी माझ्या बापावर आली, खटला झाला, बाप तीन महिने तुरुंगात बसून आला. गावकीने आमचा खांदा काढला. बाप परत आल्यावर त्या विषयावर कधी बोलला नाय, खांदाही कधी मागितला नाय. मी बावीस वर्षांचा असताना तापाने गेला. अग्नी मी दिला, तिसऱ्या दिवशी राखही मीच भरली. हे आत्ताच सांगून ठेवतो.

आई मरेपर्यंत एकच बोलायची, "त्यांनी काय केलं नव्हतं." मग केलं कोणी? गावातले म्हातारे म्हणायचे, बापाने स्वतःच कबूल केलं, पण माझ्या डोक्यात पक्कं होतं, तेव्हाच्या गावकाराने, म्हणजे गावकीच्या मुख्याने, बापाला अडकवलं. त्याचा नातू वसंत आता गावकार आहे. यंदा शिमग्याच्या आधीच्या बैठकीत मी खांद्याचा विषय काढला, दरवर्षी काढतो तसा. वसंत म्हणाला, "तात्या, दरसाल तेच गाणं. धोंडूआजोबा निर्दोष होते असं म्हणता ना, मग कागद आणा. कोर्टाचा. पुढच्या बैठकीत वाचू, खांदा तिथल्या तिथे परत."

"आणतो," मी बोललो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "साठ-पासष्ट वर्षांचा कागद? तुमचं रेशनकार्ड कुठे ठेवलंत ते तरी सांगा आधी."

आता ज्यांना असं काम पडेल त्यांच्यासाठी सांगतो. फौजदारी खटल्याचा कागद कोणीही मागू शकतो, लपवायची गोष्ट नसते ती. अर्ज लिहायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आरोपीचं नाव, गाव आणि अंदाजे साल द्यायचं. खटला तालुक्याला चालला असला तरी जुने कागद जिल्ह्याला जातात. आणि किरकोळ खटल्यांचे कागद मुदत संपली की फाडून टाकतात, रजिस्टरात नुसती ओळ उरते. हे मला तिथे गेल्यावर कळलं. एका गुरुवारी सकाळच्या एसटीने रत्नागिरीला गेलो आणि रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी उभा राहिलो. आत पस्तिशीच्या एक मॅडम होत्या. डबा उघडा होता, सौंदाळा माशाच्या कालवणाचा वास येत होता. मी बापाचं नाव आणि गाव सांगितलं.

मॅडमनी चमचा खाली ठेवला. "तुम्ही मुलगा का?"

"हो. का?"

"तुमचे वडील सोमवारी येऊन गेले ना. एकाच कामाला दोघं कशाला येता? आणि त्या माणसाला एसटीने एकटं कसं पाठवता हो या वयात?"

मी म्हटलं नावात घोळ असेल. आमच्याकडे धोंडू पायलीला पन्नास. पण मॅडमनी रजिस्टर फिरवून समोर धरलं. माझा चष्मा, माझं वाचन... बोट ठेवून ठेवून वाचलं. बापाचं नाव, आजोबाचं नाव, आमचं गाव, आमची वाडी. पुढे 'अर्जदाराचे नाते' या रकान्यात लिहिलं होतं – स्वतः आरोपी.

मॅडम सांगत गेल्या. म्हातारा दुपारी आला. कमरेला पंचा, वर बंडी, पायात काही नाही. एका डोळ्यात फूल पडलेलं. त्याला नक्कल नको होती. "कागदच द्या," म्हणाला. मॅडमनी सांगितलं, आजोबा, मूळ कागद कोणाला देत नाहीत, नक्कल मिळेल, पण एवढा जुना कागद बहुतेक फाडला असेल. तर म्हातारा म्हणाला, "नाय फाडलेला. देवळाच्या दाव्याच्या रुमालात बघा." रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवायचं लाल फडकं. आमच्या देवळाच्या मालकीवरून पुढे दिवाणी दावा लागला होता, त्यात पुरावा म्हणून ही फाईल मागवली होती आणि ती तिथेच बांधून राहिली. शिपायाने सोडून बघितलं, तर होती.

"ओळखपत्र मागितलं," मॅडम म्हणाल्या, "तर म्हणाले, कागदात अंगठा हाय बघा. वय विचारलं तर म्हणाले, मोजलं नाय. शंभरी गाठलेला माणूस, मी काय वाद घालणार? शेवटी नकलेच्याच अर्जावर अंगठा घेतला."

"मॅडम, माझा बाप मरून पन्नास वर्षं झाली."

 मॅडमनी डब्याचं झाकण लावलं आणि मलाच झापलं. "काका, घरातली भांडणं घरी मिटवा. जिवंत बापाला मेला म्हणता? ते म्हणालेच होते."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, माझा पोरगा मागायला येईल. त्याला देऊ नका."

मला राग आला. भीती नाय, राग. मला वाटलं हे वसंताचं काम. कोणातरी म्हाताऱ्याला पंचा नेसवून पाठवला, मला कागद मिळू नये म्हणून. मी म्हटलं, फाईल दाखवा, अंगठा बघू. परवानगीचा अर्ज केला, साहेबांची सही झाली, शिपायाने फाईल टेबलावर सोडली. त्यात बापाचा जामीनकतबा, म्हणजे जामिनाचा कागद होता. तपकिरी कागद, खाली डावा अंगठा, आणि अंगठ्यावरून तिरकी पांढरी रेघ. लहानपणी होडीच्या नांगराच्या दोरात सापडून अंगठा तिरका चिरला होता त्याचा. मॅडमनी सोमवारचा अर्ज शेजारी ठेवला. शाई अजून निळीशार होती.

तीच रेघ. वरच्या टोकाला तोच बारीक फाटा.

मॅडम म्हणाल्या, "पटलं का आता?" त्यांना वाटलं मी खोटा पडलो. मी खुर्चीवर बसलो. पाणी मागितलं.

आता सांगतो, तिथून उठून घरी यायला हवं होतं. माणूस सांगून गेला होता, देऊ नका. पण मी हट्टी. जन्मभर हट्टावर जगलो, नायतर तांडेल झालो नसतो. कायद्याने त्यांना मला नाही म्हणता येत नव्हतं. मी म्हटलं, वाचून दाखवा.

बापाने कोर्टातही गुन्हा कबूल केला होता. हे एका ओळीत होतं. माझे कान तापले. त्यामागे देवळाच्या गुरवाचा पोलिसांपुढचा जबाब होता. मॅडम आधी भरभर वाचत होत्या, मग सावकाश वाचायला लागल्या. माझ्याकडे नक्कल आहे, त्यातूनच उतरवतो.

"आदल्या दिवशी मी आरोपीचा मुलगा, वय सहा, यास होडीत डोळा हातात घेऊन खेळताना पाहिले. ही गोष्ट मी आरोपीस सांगितली. दुसरे दिवशी गाव देवळात जमून गाऱ्हाणे घालण्याचे ठरले. ज्याने डोळा नेला त्याचे डोळे जावोत, असे मी देवीपुढे म्हणणार होतो. तेवढ्यात आरोपी उठून म्हणाला, डोळा मी नेला, माझे नाव घेऊन गाऱ्हाणे घाल. मी नाव घेऊन घातले. सर्व गाव होय महाराजा म्हणाला."

ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांना सांगतो. गाऱ्हाणं नाव न घेता घातलं तर ते ज्याने केलं त्याला शोधत जातं, असं आमचे लोक मानतात. नाव घेतलं की त्या नावावर बसतं. बापाने ते आपल्या अंगावर बसवून घेतलं होतं. मॅडम वाचायच्या थांबल्या. मला विचारलं नाही, तेव्हा घरात मुलं किती होती ते. मी एकटाच होतो.

मला काही आठवत नाय. देवाशप्पथ. होडी आठवते, होडीतलं पाणी आठवतं. चांदीचा डोळा हातात धरल्याचं आठवत नाय. आणि हाच मी पासष्ट वर्षं वसंताच्या घरचं पाणी पीत नव्हतो.

गावकीची बैठक पुढच्या रविवारी, देवळाच्या पडवीत, दुपारी चारला. वसंत बोलला, "काय तात्या, मिळाला काय कागद?"

"मिळाला."

"वाचा मग. नायतर द्या इकडे, चष्मा विसरला असाल."

मी घडी उघडली नाय. उभ्यानेच बोललो, "डोळा मी नेला होता. सहा वर्षांचा होतो. बापाने अंगावर घेतलं. तुमच्या आजोबांनी काय केलं नव्हतं, वसंत. मी त्यांना जन्मभर शिव्या दिल्या."

 मागून एक बाई म्हणाली, "सहा वर्षांचं पोर ते, त्याला काय कळतं." वसंत उठून उभा राहिला. मग म्हणाला, "खांदा धोंडूआजोबांच्या घराचा. पहिला. कोणाचं काय म्हणणं?" कोणाचं नव्हतं. मला म्हणाला, "तात्या, यंदा तुम्हीच लावा."

मी म्हटलं, मुलगा लावेल. पालखी निघाली तेव्हा मी घरी होतो. ढोल ऐकला.

तर खांदा परत आला. लोक मला म्हणतात, बघा, बापानेच वाट दाखवली. नाय. बाप वाट अडवायला आला होता. ज्या माणसाने तुरुंगात जाताना खरं सांगितलं नाय, गावाकडे कधी काही मागितलं नाय, तो मेल्यावर पन्नास वर्षांनी रत्नागिरीच्या खिडकीशी अनवाणी येऊन एकच गोष्ट मागत होता. ती मी त्याला मिळू दिली नाय. तो कोण होता, अंगठा कसा जुळला, रुमालाचं त्याला कोणी सांगितलं... मुलगा म्हणतो योगायोग, सून काही म्हणत नाय. मला विचाराल तर मला माहीत नाय. मी अजून भूत मानत नाय.

मॅडमनी मला नंतर एक गोष्ट सांगितली. सोमवारच्या अर्जावरची त्याची नक्कल तयार आहे. टेबलावर पडून आहे, अर्जदार घ्यायला आलेला नाही. मी म्हटलं, मला द्या, मुलगा आहे. म्हणाल्या, ती ज्याच्या अर्जावर निघाली त्यालाच देता येते.

म्हणून मी सोमवारी रत्नागिरीला जातो. सकाळची एसटी, संध्याकाळी परत. खिडकीसमोर बाकावर बसतो. मॅडम आता काही विचारत नाहीत, चहा पाठवतात. बायको म्हणते, तो आला तर त्याच्याशी बोलणार काय? पासष्ट वर्षांचं बोलायचं आहे, पण बसून बसून दुपार होते तरी पहिला शब्द सापडत नाय.