बीकेसी ते मरोळ नाका

आमच्या सोसायटीत, नौपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर त्र्यंबक आठल्ये राहतात. वय एकोणसत्तर. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. बिल्डिंगमधली कुठली पाइपलाइन कुठून कुठे जाते हे प्लंबरला माहीत नसतं, काकांना असतं. पट्टी न घेता सरळ रेघ ओढून दाखवतात. मी त्यांच्या अगदी खालच्या घरात राहतो, त्यामुळे वरची बरीच खुडबुड मला ऐकू येते.

तीन वर्षांपूर्वी काका एकाएकी माणूसघाणे झाले, असं आम्हा सगळ्यांचं मत होतं. आधी ते उत्तराकाकूंबरोबर प्रत्येक नाटकाला जायचे, दरवर्षी कुठे ना कुठे प्रवास व्हायचा. मग सगळं थांबलं. काकूंच्या सख्ख्या भाच्याचं, साकेतचं लग्न नाशिकला होतं. काकू एकट्या जाऊन आल्या आणि "ह्यांना जरा ताप होता" असं सगळ्यांना सांगत बसल्या. काका मात्र त्या दिवशी टेंभी नाक्यावरून भाजी घेऊन आलेले मी स्वतः पाहिलेले.

कारण असं होतं, की काकांना दर चाळीस मिनिटांनी लघवीला जावं लागायचं. आणि लागली की थांबवता यायची नाही. प्रोस्टेटची गाठ वाढली होती. साठीनंतर कितीतरी पुरुषांना होतं तसलंच दुखणं, त्यावर गोळ्या आहेत, ऑपरेशन आहे. पण काकांचे वडील कल्याणला याच ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी गेले होते. तेव्हा काका बत्तीस वर्षांचे होते आणि वडिलांच्या उशाशी तेच बसलेले होते. त्यामुळे डॉक्टरकडे जायचं नाही, आणि कुणाला कळलं तर डॉक्टरकडे नेतील म्हणून कुणाला सांगायचंही नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. बायकोलासुद्धा नाही. रात्री चार-पाच वेळा उठणं तिच्या लक्षात येऊ नये म्हणून "मला आत उकडतं" असं सांगून ते हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागले. काकूंनी त्याचा काय अर्थ लावला असेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

ठाण्यात कुठे मुतारी आहे, कुठली स्वच्छ, कुठली दुपारी बंद असते, हे त्यांना पाठ झालं. त्यांचं जग त्या ठिपक्यांपुरतं उरलं. घरापासून मासुंदा तलाव, तिथून टेंभी नाका, तिथून स्टेशन. पलीकडे जायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढायचे.

गेल्या नोव्हेंबरात त्यांच्या लेकीनं, अंतरानं, दोन तिकिटं पाठवली. ती डोंबिवलीला असते. बीकेसीच्या मैदानावर जुन्या गाण्यांचा मोठा कार्यक्रम होता, शंभर वादकांचा ताफा, दुपारी तीनपासून. काकूंच्या एकसष्टीला काही केलं नव्हतं, म्हणून ही भेट.

"बाबा, गाडीनं जाऊ नका, तिकडे पार्किंग नाही. घाटकोपरहून मेट्रो घ्या, मरोळ नाक्याला बदला, तिथून भुयारी मेट्रो थेट बीकेसीला. एसी आहे, बसायला मिळेल," अंतरा फोनवर म्हणाली.

काका म्हणाले, "गर्दी असते गं."

काकू तिथेच डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. "राहू दे अंतरा. मी समृद्धीला विचारते. ती येईल माझ्याबरोबर."

समृद्धी म्हणजे काकू शिकवायच्या त्या शाळेतली, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान शिक्षिका. काका म्हणतात, त्या "राहू दे"मध्ये राग नव्हता, आणि त्याचीच भीती वाटली. "येतो मी," ते म्हणून गेले.

रविवारी सकाळी त्यांनी चहा घेतला नाही. पाण्याचा थेंब घेतला नाही. घाटकोपरपर्यंत टॅक्सीच करू, असा हट्ट धरला. कारण टॅक्सी पेट्रोल पंपावर थांबवता येते. दोनदा थांबवलीही, एकदा "हवा बघून घ्या हो" असं ड्रायव्हरला सांगून, एकदा काहीच न सांगता. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी नवी नारायणपेठी नेसली होती.

मेट्रोत बसल्यावर पहिल्यांदा काकांच्या लक्षात आलं, की इथे 'जरा थांबवा' म्हणायला कुणीच नाही. मरोळ नाक्याला सरकत्या जिन्यांनी खाली, आणखी खाली गेले. गाडीची दारं मिटली आणि खिडक्यांच्या काचा काळ्या झाल्या. समोरच्या काचेत ते दोघं शेजारी शेजारी बसलेले दिसत होते. बीकेसी येईपर्यंत काका स्टेशनं मोजत राहिले. सहा.

मैदानाच्या दारावर पिशवी तपासणाऱ्या मुलीनं सांगितलं, "अंकल, एकदा बाहेर गेलात तर परत एंट्री नाही." आत चारी बाजूंनी पत्र्याचं कुंपण होतं. त्यांच्या खुर्च्या रांगेच्या बरोबर मध्यावर होत्या. एका बाजूला अठरा गुडघे, दुसऱ्या बाजूला वीस.

व्हायोलिनं एकदम सुरू झाली तेव्हा काकूंनी डोळे मिटले आणि मांडीवर बोटानं ताल धरला. काकांनी घड्याळ पाहिलं. तिसऱ्या गाण्याला ते उठले. "आलोच." लोकांचे गुडघे ओलांडत, "सॉरी, सॉरी" करत कुंपणाच्या टोकाला गेले. तिथे प्लास्टिकचे आठ संडास उभे केले होते, त्यातले दोन बंद, आणि समोर साठ-सत्तर माणसं. रांगेत चाळीस मिनिटं गेली. पाय एकमेकांवर दाबून ते उभे राहिले. मागे गाणी चालूच होती, लोक टाळ्या वाजवत होते, रांगेतलेही गुणगुणत होते. काकांना एकही गाणं ओळखता येईना.

शेवटी आत गेले, कडी लावली, आणि काहीच झालं नाही. बाहेरून कुणीतरी दारावर थापा मारत होतं, "चलो अंकल, जल्दी!" दोन थेंब आले आणि सगळं बंद. असं कधी झालं नव्हतं. आजवर त्यांना एकच भीती होती, की थांबवता येणार नाही. सुरूच होणार नाही, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

ते पुन्हा रांगेत लागले. आणखी अर्धा तास. पुन्हा तेच.

जागेवर परत आले तेव्हा सव्वापाच वाजले होते. काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांची पर्स ठेवलेली होती. ती त्यांनी उचलली आणि विचारलं, "बाहेर जाऊन बसला होतात?"

"नाही गं. तिथे रांग होती."

"दीड तास?"

काका सावकाश खाली बसले. ओटीपोटात आता दगड भरल्यासारखं झालं होतं. खुर्चीत वाकून बसलं तरी दुखत होतं, ताठ बसलं तरी. उरलेला कार्यक्रम त्यांनी समोरच्या माणसाच्या टक्कलाकडे बघत काढला.

सुटल्यावर सगळं मैदान मेट्रोच्या दिशेनं वळलं. स्टेशनच्या तोंडाशी लोखंडी कठडे लावून माणसांना टप्प्याटप्प्यानं आत सोडत होते. पुढे माणसं, मागे माणसं, दोन्ही बाजूंना कठडे. काकू चार पावलं पुढे होत्या आणि एकदाही मागे वळल्या नाहीत. काकांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. पाऊलभर पुढे सरकायचं, थांबायचं. "मला त्या वेळी कुणी गोळी घातली असती तरी चाललं असतं," असं त्यांनी नंतर मला सांगितलं, आणि ते चेष्टेनं बोलत नव्हते.

खाली स्टेशनात स्वच्छतागृह होतं. स्वच्छ, मोकळं, दारावर थापा मारणारं कुणी नाही. काका तिथे दहा मिनिटं उभे राहिले. नळ सोडून पाहिला. भिंतीला डोकं टेकलं. एक थेंब नाही.

बाहेर आले तेव्हा काकू पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. "दोन गाड्या गेल्या," एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या गाडीत शिरले. एका मुलीनं उठून जागा दिली, पण काकांना बसता येईना, म्हणून काकू बसल्या. ते खांबाला धरून अर्धवट वाकून उभे राहिले. दारं बंद झाली. गाडी काळोखात शिरली आणि काकांच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला.

काकू उठल्या. "काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"नाही. उत्तरा..." ते थांबले. आजूबाजूला माणसं होती. "लघवी तुंबलीय. होतच नाहीये. दुपारपासून."

"अहो, मग सांगायचं नाही का!"

"काय सांगू? तीन वर्षं चाललंय." आणि मग त्यांच्याच्यानं थांबवेना. बांद्रा कॉलनी गेलं, सांताक्रूझ आलं. दिवाणावर झोपणं, नाशिकचं लग्न, सोडलेली नाटकं, टेंभी नाक्यावरची मुतारी, टॅक्सीच्या चाकांची हवा, सगळं त्यांनी खांबाला धरून, मान खाली घालून, हळू आवाजात सांगितलं. वडिलांचंही सांगितलं. जागा देणारी मुलगी तोंड फिरवून काचेकडे बघत राहिली.

एअरपोर्टचं पहिलं स्टेशन गेलं. मग काकू म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला मी नकोशी झाले."

"काहीतरीच काय..."

"काहीतरीच नाही. तीन वर्षं रोज रात्री वाटलं. मी नाशिकच्या ताईला सांगितलं होतं, आमच्यात आता काही उरलं नाही म्हणून." त्यांचा आवाज चढला होता, लोक बघत होते, आणि त्यांना पर्वा नव्हती. "लघवीसाठी? लघवीसाठी तुम्ही मला असं टाकलंत?"

कळ आली आणि काका खांबाला धरून आणखी वाकले. काकूंनी एका हातानं त्यांचा दंड धरला, दुसऱ्या हातानं खांब. "अजून किती स्टेशनं?"

"तीन."

"इथेच उतरू या?"

"इथे वर काही नाही. मरोळला रिक्षा मिळेल."

"मग धरा मला. आणि गप्प राहा आता. एक शब्द बोलू नका."

तीन स्टेशनं त्या तशाच उभ्या होत्या. काका म्हणतात, तिच्या हाताची पकड दुखत होती आणि ती सैल होऊ नये असं वाटत होतं.

मरोळ नाक्याला वर येऊन काकूंनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून रिक्षा अडवली. जवळच्या एका हॉस्पिटलात नेलं. तिथे नळी घातली. पिशवीत सव्वा लिटर जमा झालं. काका त्या कॉटवर रडले. दुखणं थांबलं म्हणून की आणखी कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नाही. डॉक्टरनं विचारलं, "त्रास कधीपासून आहे?"

"दोन-तीन महिने," काका सवयीनं म्हणाले.

"तीन वर्षं," काकू म्हणाल्या. "लिहून घ्या. तीन वर्षं."

काकूंचा फोन आल्यावर मी गाडी घेऊन त्यांना आणायला गेलेलो. घरी येईपर्यंत काकू पुढच्या सीटवर बसल्या होत्या, काका मागे, मांडीवर टॉवेलखाली पिशवी. मुलुंड टोलनाक्याच्या अलीकडे काकांनी हळूच विचारलं, "शेवटचं कुठलं गाणं वाजवलं गं?" काकू म्हणाल्या, "मला नाही आठवत."

तीन आठवड्यांनी ऑपरेशन झालं. भूल द्यायला आत नेईपर्यंत काकू काकांच्या उशाशी बसून होत्या. काही वाईट झालं नाही. महिनाभरात ते जिने चढायला लागले, रात्री सलग झोपायला लागले. हॉलमधला दिवाण त्यांनी पोरासोरांसारख्या उत्साहानं गच्चीत नेऊन ठेवला, मला एक टोक उचलायला लावलं.

पण काकू लगेच पूर्वीसारख्या झाल्या नाहीत. तीन वर्षांत त्यांनी आपलं आयुष्य लावून घेतलं होतं. मंगळवारी भजनाचा वर्ग, शुक्रवारी समृद्धीबरोबर शहरात कुठलं तरी प्रदर्शन, महिन्यातून एक नाटक, ज्याची तिकिटं पाच जणींची एकत्र काढलेली असायची. काका म्हणायचे, "नाशिकला जाऊन येऊ, साकेतला भेटू." काकू म्हणायच्या, "बघू. पुढच्या आठवड्यात जमणार नाही." त्या चिडून बोलत नसत. औषधं वेळेवर देत, पथ्याचं करत. फक्त जागा करून द्यायला त्यांना वेळ लागत होता, आणि ती मागायची कशी हे काकांना येत नव्हतं.

फेब्रुवारीत काकूंचा भजनाचा गट आठ दिवस कोकणात गेला. काका त्यांची बॅग घेऊन बसपर्यंत गेले, मीही सोबत होतो. बसच्या पायरीशी ते म्हणाले, "एखादी जागा रिकामी असेल तर मीही आलो असतो."

"गट बायकांचा आहे हो," काकू म्हणाल्या. मग त्यांच्या शर्टाच्या कॉलरचं वळलेलं टोक सरळ करत म्हणाल्या, "मार्चमध्ये नाशिक. मी ताईला कळवलंय."

बस हलली. खिडकीतून काकूंनी हात केला आणि शेजारी बसलेल्या बाईशी बोलायला लागल्या. दोघी हसत होत्या.

"ती कोण रे?" काकांनी मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. काकांनाही माहीत नव्हतं. बस वळणावर दिसेनाशी झाली तरी ते तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "आली की विचारायला हवं," आणि आम्ही घरी निघालो.