अमावास्येची साफसफाई

समस्त सोलापूरकरांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या चादरींच्या कारखान्याच्या सर्व ऑर्डरी गेल्या अमावास्येस, नारळ फुटताक्षणी, साफसफाईत निवर्तल्या. मी तिथेच होतो, पहिल्या खुर्चीत. अशी खुर्ची नशिबात असावी लागते.

कारखाना माझ्या दाजींचा, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचा. मी तिथे ऑफिसात बसतो. काम विचारू नका. त्यांचा जावई कॉम्प्युटरवाला, आणि लग्न झाल्यापासून मुक्काम सासऱ्याच्याच घरी. दाजींनी शब्द दिला होता की, त्याने उभी केलेली ऑर्डरींची वेबसाइट दिवाळीपर्यंत नीट चालली, तर पुण्याचं दुकान त्याच्या हाती आणि तिथे दोघांचा वेगळा संसार. माझ्या भाचीने, म्हणजे त्याच्या बायकोने, तिकडच्या पडद्यांचं कापडसुद्धा निवडून ठेवलं होतं.

वेबसाइट क्लाउडवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या लांबच्या कॉम्प्युटरवर. एका कंटेनरमध्ये ती, दुसऱ्यात तिचा डेटाबेस, म्हणजे ऑर्डरींची सगळी माहिती. कंटेनर म्हणजे डबा समजा, असं जावयाने आम्हाला शिकवलं होतं. बिघडला की फेकायचा, तसाच नवा मांडायचा.

आमच्याकडे अमावास्येला माग बंद ठेवतात, पुसतात, हळद-कुंकू लावतात, नारळ फोडतात. त्या दिवशी दाजी सहज म्हणाले की सगळी यंत्रं पुसून झाली, जावयाचं तेवढं राहिलं. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. हा उठला. लॅपटॉपला कुंकू लावलं, स्वतःच्या कपाळालाही लावलं, कामगारांना जवळ बोलावलं आणि जुने डबे काढून कोरे करकरीत मांडतो, असं जाहीर केलं. तिकडे नारळ फुटला, इकडे त्याने बटण दाबलं.

साइट उघडली. चकाचक. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या आणि मग अगदी गोड आवाजात म्हणालो, "हैदराबादची ऑर्डर जरा वाचून दाखवा की, जावईबापू."

त्याने ऑर्डरींचं पान उघडलं. रिकामं. बंद करून पुन्हा उघडलं. तरी रिकामं. डेटाबेसमधली माहिती डब्याबाहेर वेगळ्या डिस्कवर ठेवायची असते, आणि नेमकी ती डिस्क जोडायची राहिली होती. डब्याबरोबर ऑर्डरीही गेल्या. दुसरी प्रत कुठेच नव्हती. हे सांगता सांगता घामाने कपाळावरचं कुंकू त्याच्या नाकापर्यंत उतरलं. मी खुर्ची थोडी पुढे ओढली.

दाजींचं घराणं मूळचं तेलुगू विणकरांचं, म्हणून ते घरात तेलुगूत रागावतात, कारखान्यात मराठीत. त्या दिवशी कुठल्याच भाषेत रागावले नाहीत. प्रसाद वाटताना जावयाच्या हातावर खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा ठेवला आणि त्याच दमात आपल्या पुतण्याला सांगितलं की, पुण्याला जायची तयारी कर.

जावई बायकोकडे बघून ओशाळं हसला. प्रसादाचं ताट हातात धरलेली माझी भाची सगळ्या कामगारांसमोर बोलून गेली:

"रुसून माहेरी निघून जावं म्हटलं, तर तिथंच राहतोय की आपण."