‘दोन मिनिटं बंद करा की’

“सगळेच करतात, तुम्हीपण करा,” असं दाक्षायणी कलशेट्टीला सांगणं म्हणजे हातानं काम बिघडवून घेणं, हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या प्रत्येक चादर कारखानदाराला माहीत होतं. तरी सांगायचे. एकेकाला खोडच असते, त्याला ती तरी काय करणार?

वय बावन्न, अंगानं किरकोळ, आवाज मात्र चार घरं पलीकडं जाणारा. सगळे तिला अक्का म्हणायचे. धंदा ग्राफचा. चादरीवर मोर दिसतो, टॉवेलच्या काठाला वेल दिसते, ती काय मागावर आपोआप उगवत नाही. आधी कुणालातरी ती बारीक चौकटींवर एकेक चौकट भरून मांडावी लागते. त्यावरनं पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, आणि कुठला धागा वर उचलायचा ते ती कार्डं मागाला सांगतात. हे मांडणं म्हणजे ग्राफ. एक चौकट चुकली की हजार चादरींवरच्या हजार मोरांची मान मोडते.

एकोणिसाव्या वर्षी ती कारखान्यात ग्राफच्या टेबलावर बसली तेव्हा तिथं सगळे पुरुष. त्यांनी वर्षभर तिला नुसते काठ दिले. मोर, हत्ती बाईमाणसाला झेपायचे नाहीत म्हणे. तिनं जेवणाच्या सुट्टीत रद्दी कागदावर महिनाभर खपून मोर काढला आणि मालकांच्या टेबलावर नेऊन आपटला. तो चादरीवर गेला, आणि त्या टेबलावरच्या कुणी तिला परत नुसता काठ देण्याची हिंमत केली नाही. चौकटी मोजायची ती कन्नडमध्ये, ओंदु, एरडु, मूरु करत, आणि मोजताना कुणी मध्ये बोललं तर त्याची काही खैर नसायची.

सतरा वर्षांपूर्वी घरी कॉम्प्युटर आला आणि ती घरूनच काम घ्यायला लागली. सिदू म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एकजण होता, त्यानं डिझाइनचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. चोरीचंच. अख्ख्या एमआयडीसीत तेच होतं. एकानं कुठून तरी आणलं आणि सिदूनं ते घरोघर पोचवलं. आता ह्या चोरीच्या मालाची गंमत अशी, की अँटिव्हायरस त्याला बघताक्षणी धरतो. म्हणून सिदू मशीनसमोर बसला की पहिल्यांदा अँटिव्हायरस बंद करायचा, मग फायरवॉल बंद करायचा, मग सॉफ्टवेअर टाकायचा आणि चहा पिऊन जायचा. ते परत सहसा कुणी चालू करत नसे, कारण चालू केलं की काम बंद. अशी सगळ्या धंद्याची दारं वर्षानुवर्षं सताड उघडी होती. आणि किल्ल्यांच्या जुडग्याला लटकलेले पेनड्राइव्ह कारखान्यातनं घरात, घरातनं कार्डवाल्याकडं, तिथनं दुसऱ्या कारखान्यात खुशाल हिंडत होते. नाकावर माशी बसू न देणारी आपली अक्कासुद्धा त्यात होती. सगळेच करतात, हे तिनं आयुष्यात एकदाच मुकाट्यानं ऐकलं, ते इथं.

दिवाळीनंतर हरिदासअण्णांचं मशीन गेलं. अण्णा दोन गल्ल्या सोडून राहायचे, साठी ओलांडलेले, तिच्याच धंद्यातले. त्या जुन्या टेबलावर तिचा मोर बघून “मालकांना दाखव की” म्हणणारे तेवढे एकटेच. ती बघायला गेली. पडद्यावर लाल चौकट आणि इंग्रजीत धमकी, की तुमच्या फायलींना कुलूप घातलंय, पैसे पाठवा, मग उघडू. अठरा वर्षांचे ग्राफ. नावं सगळी दिसत होती, उघडत एकही नव्हता. “माझंच काहीतरी चुकलं बघ, दाक्षा,” एवढंच अण्णा पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांच्या सूनबाईंनी मात्र गल्लीत सांगायला सुरुवात केली होती, की म्हातारा नक्की भलतंसलतं काहीतरी बघत असणार, त्याशिवाय असं होत नाही. गल्लीनं ते लगेच खरं धरलं. अण्णांनी घराबाहेर पडणं सोडलं.

दाक्षायणी घरी आली आणि आधी नेटची वायर उपटली. दोन हजार सातशे ग्राफ होते त्या डब्यात. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन अकलूजला गेली, तरी ती ताठ उभी होती ती ह्याच्या जोरावर. हे गेलं तर मी कोण, असा प्रश्न तिला पहिल्यांदा पडला, आणि त्या प्रश्नाचा तिला भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी ती नवी पेठेत एका दुकानात गेली. विकणाऱ्या पोरानं रंगीत खोकी पुढ्यात मांडली. ह्यात मुलांवर लक्ष ठेवता येतं, ह्यात मोबाईल हरवला तर सापडतो, ह्यात पाच मशीन बसतात. तिनं विचारलं, माझं एक मशीन, घरात मुलं नाहीत, मोबाईल माझ्या कमरेला. ह्यातलं माझे ग्राफ कोण राखणार ते सांग. पोरगं म्हणालं, मॅडम, सगळ्यात भारी घ्या. ती तशीच उठून आली. घरी येऊन तिनं नेट परत जोडलं आणि रागारागानं फुकटातले दोन अँटिव्हायरस उतरवून एकावर एक टाकले. मशीन असं जड झालं की माउस हलवला की बाण दोन मिनिटांनी हलायचा.

मग ती बुद्धप्रियाकडं गेली. बुद्धप्रिया शेजारच्या गल्लीतली, कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळणारी मुलगी. तिला हसू आवरेना. दोन वॉचमन ठेवलेत अक्का, ते एकमेकांनाच चोर समजून धरतायत, म्हणाली. मग तिनं नीट बसून सांगितलं. अँटिव्हायरस एकच ठेवायचा. विंडोजमध्ये मुळात आहे तो घरच्या मशीनला पुरतो, फक्त तो चालू पाहिजे आणि ताजा पाहिजे. विकतचा घेतलात तरी वाईट नाही, पण बंद ठेवलात तर सोन्याचा असला तरी उपयोग शून्य. फायरवॉल म्हणजे नेटच्या वाटेवरचा नाका, बाहेरून कोण येतंय आणि आतलं काय बाहेर जातंय ते बघतो, तोही चालूच. आणि सगळ्या ग्राफांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यायची, घेऊन झाली की डिस्क काढून कपाटात. मशीनला जोडून ठेवली तर कुलूप तिलाही लागणार.

“आणि ते चोरीचं सॉफ्टवेअर?” दाक्षायणीनं विचारलं.

“ते असेपर्यंत ह्यातलं काही खरं नाही, अक्का.”

येत्या उन्हाळ्यासाठी कूलर घ्यायचा होता, तो राहिला. सोलापूरच्या उन्हात कूलरवर पाणी सोडणं म्हणजे काय ते सोलापूरकरालाच विचारा. तिनं त्या पैशात परवान्याचं सॉफ्टवेअर घेतलं, अँटिव्हायरस आणि फायरवॉल चालू केले, आणि मशीनच्या वर भिंतीला एक पुठ्ठा लावला: पेनड्राइव्ह आधी तपासणार, मग उघडणार. काही बंद करणार नाही.

धंद्यात हसणं सुरू झालं. अक्काला आता पेनड्राइव्हचापण विटाळ होतो, असं कुणीतरी म्हणालं. दोन कारखानदारांनी काम दुसरीकडं हलवलं. ती म्हणाली, हलवा. पण तिचं निम्मं काम ज्या एका कारखान्यातनं यायचं, तो ऋतुराजचा. बापानंतर कारखाना सांभाळणारा अठ्ठावीस वर्षांचा पोरगा. तिनं त्याला चड्डीत मागाखाली लपताना पाहिलेलं, त्यामुळं तो मालक असला तरी तिचं ‘अरे-तुरे’ सुटलं नव्हतं. त्याचं काम गेलं तर चूल पेटेल की नाही हा प्रश्न होता, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

जानेवारीत तो सकाळी सकाळी दारात आला, हातात पेनड्राइव्ह. परदेशी जाणाऱ्या टॉवेलची मोठी ऑर्डर होती. फाइल नव्या व्हर्जनची आहे, तुमच्याकडं उघडायची नाही, म्हणून सॉफ्टवेअरपण ह्यातच आणलंय, म्हणाला. टाकून घ्या.

“फक्त ते अँटिव्हायरस दोन मिनिटं बंद करा की, अक्का. सगळेच करतात.”

तिनं पुठ्ठ्याकडं बोट केलं. तो हसला. मग हसायचा थांबला. घाई आहे, पार्टी थांबत नाही, म्हणाला. सोलापुरात ग्राफ काढणाऱ्या तुम्ही एकट्या नाहीत, म्हणाला. ते ऐकून ती घाबरली, खोटं कशाला बोला. पण त्याचबरोबर मस्तकात तिडीकही उठली, आणि ह्या बाईच्या बाबतीत नेहमी तिडीकच जिंकते.

“मग दुसरीकडं जा,” ती म्हणाली. “हितं बंद व्हणार न्हाई. काम करायचं असंल तर पेनड्राइव्ह दे, तपासते. एवढं भ्यायला काय झालं?”

भ्यायचा विषय निघाल्यावर मर्दाचा हात मागं राहत नाही. त्यानं पेनड्राइव्ह टेबलावर टाकला. तिनं लावला, तपासायला सांगितलं आणि हाताची घडी घालून बसली. मिनिटभरात पडद्यावर लाल पट्टी आली. टॉवेलच्या फायलीत काही नव्हतं. सापडलं ते त्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये.

चोरीच्या सॉफ्टवेअरला असं दाखवतंच, त्यात काय, ऋतुराज म्हणाला. तिनं बुद्धप्रियाला फोन लावला आणि पडद्यावरचं इंग्रजी नाव एकेक अक्षर करून वाचून दाखवलं. फोन स्पीकरवर होता. बुद्धप्रिया म्हणाली, कशालाही हात लावू नका अक्का, हे फायलींना कुलूप घालणारं आहे. ऋतुराज म्हणाला, मग आमच्या मशीनवर कसं काही झालं नाही? त्या मशीनला इंटरनेट आहे का, बुद्धप्रियानं विचारलं. नव्हतं. म्हणून तिथं गप्प पडलंय, ती म्हणाली, नेट मिळालं की जागं होतं. फोन बंद झाला.

दाक्षायणी खुर्ची फिरवून त्याच्याकडं बघत बसली.

“हे आणि कुणाला दिलंस?”

“हरिदासअण्णांना.” आवाज बारीक झाला होता. “दिवाळी झाल्यावर.”

“काय सांगून दिलंस?”

तो फरशीकडं बघायला लागला. काय म्हणाला असणार, ते तिला विचारायची गरज नव्हती. मग तोच भराभर बोलायला लागला. हे सॉफ्टवेअर आजच काढून टाकतो. टॉवेलचं नुसतं चित्र मेल करतो, तुम्ही तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफ करा. ह्यापुढं सगळं काम असंच देऊ, तुम्ही म्हणाल तसं. हवं ते मिळालं होतं तिला. दुसरी कुणी असती तर देवापुढं साखर ठेवून मोकळी झाली असती.

“कामाचं मागनं बघू,” ती उठली. “आधी चल.”

“कुठं?”

“अण्णांकडं. सूनबाईंसमोर सांगायचं.”

आता सांगून काय उपयोग, तो म्हणाला, फायली काय परत येणार आहेत? नुकसानीचं काय ते मी घरी विचारून बघतो, अण्णांना फोन करतो संध्याकाळी.

“फायली न्हाई यायच्या,” ती म्हणाली. “पण दोन म्हैने झालं ते म्हातारं स्वतःला शिव्या घालतंय, आणि लोक त्याला नको ते म्हणतायत. ते तुझं हाय. तूच उचल. फोनवर न्हाई.”

तिनं चपला घातल्या, दाराला कडी लावली आणि त्याला पुढं घातलं. गल्लीच्या तोंडाशी त्याची गाडी उभी होती. त्याची नजर तिकडं गेली तशी ती मागनं नुसतं “सरळ” म्हणाली. तो सरळ चालत राहिला.

दार सूनबाईंनी उघडलं. अण्णा आत भिंतीला टेकून बसले होते, अंगात बनियन, दाढी वाढलेली. ऋतुराजनं उभ्या उभ्याच सांगितलं. पहिल्यांदा अर्धवट सांगितलं, मग दाक्षायणी खाकरली तेव्हा सगळं सांगितलं: पेनड्राइव्ह माझा, सॉफ्टवेअर मी आणलेलं, तुमचा अँटिव्हायरस चालू होता, तुम्ही नको म्हणत होता, दोन मिनिटं बंद करा म्हणून मी मागं लागलो.

अण्णा त्याच्यावर ओरडले नाहीत, रडलेही नाहीत. भिंतीला हात लावून सावकाश उठले आणि सुनेकडं वळले.

“ऐकलंस?” ते म्हणाले.