वैजीनाथची चौकशी

आमच्या शेजारचा वैजीनाथ जन्माचा भित्रा. शाळेला निघताना दाराचं कुलूप तीनदा ओढून बघायचा आणि वाटेवरून पुन्हा परत यायचा. आम्ही फार हसायचो. पुढे पुण्यात तो कॉम्प्युटर शिकला आणि त्याच भित्रेपणावर त्याला नोकरी मिळाली. ब्याण्णव साली सिंगापूरच्या एका बँकेने त्याला बोलावलं. फ्लॉपीतून शिरणारे व्हायरस आणि दुसऱ्याच्या नावाने आत घुसणारे लोक यांच्यापासून बँकेचे कॉम्प्युटर राखायचे, हे काम.

पासपोर्टच्या अर्जात त्याने गावचा पत्ता दिला. पक्कं होईपर्यंत आईला सांगायची मात्र हिंमत झाली नाही, म्हणून घरी कळवलंच नाही.

एका दुपारी पोलीस शिपाई सायकलवरून आला. वैजीनाथची आई कडूबाई ज्वारी पाखडत होती. "वैजीनाथ इथंच राहतो का?" त्याने विचारलं. तिच्या हातातलं सूप थांबलं. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत असाच एक पोलीस तिच्या दिराचं नाव विचारत आला होता. दीर किशनराव, काही केलेलं नसताना, "मीच" म्हणून पुढे झाले. अकरा दिवसांनी कोठडीतून सुटले, पण नंतर दार वाजलं की कणगीमागे जाऊन बसायचे. तेव्हापासून खाकीने कुणाचंही नाव विचारलं, की तो माणूस आमच्या गल्लीत राहत नसे.

"ह्या नावाचं कोनी न्हाई इथं," कडूबाई म्हणाली. शिपायाने शेजारच्या ओट्यावर बसलेल्या मला विचारलं. मी तर "कधी ऐकलंबी न्हाई" असं ठोकून दिलं. घाबरलो होतो, लपवत नाही.

तसा शेरा गेला आणि पासपोर्ट अडकला. बँकेने महिन्याची मुदत दिली. वैजीनाथ देवगाव फाट्यावर एसटीतून उतरून चालत घरी आला, तोंड पांढरंफटक.

"माय, तू मला न्हाई म्हनलीस?"

"तुला नेतेत म्हनून, बाबा."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. फेरचौकशीचा अर्जही दिला.

आठवड्याने तोच शिपाई पुन्हा आला. कडूबाई चौकट धरून उभी राहिली. तिला आता पुरतं कळत होतं. पुन्हा न्हाई म्हटलं तर पोरगा इथंच राहील. वैजीनाथ तिच्या मागे उभा होता. मी तर ओट्यावरून उठलोही नाही.

"हा कोण?" शिपायाने विचारलं.

तिने मागे वळून वैजीनाथकडे बघितलं.

"माझा ल्योक," ती शेवटी म्हणाली. "वैजीनाथच हाय. लिवा." मग तिने कागदावर अंगठा दाबून दिला.

सायकल वळणाआड गेली. अंगठ्याची शाई पदराला पुसत ती वैजीनाथला म्हणाली, "तुला कोनी नेऊ नये म्हनून न्हाई म्हनले व्हते. आता मीच नेऊ दिलं."