आई नावाच्या दोन ओळी

माझी आई मुलुंडला एकटी राहते. दोन वर्षांपूर्वी ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून मी पक्की घाबरट झाले. घरात कॅमेरा लावते म्हटल्यावर ती उखडली. "मी काय चोर आहे का गं?" शेवटी डब्यावर तडजोड झाली.

डबा म्हणजे लिनक्सवर चालणारा तळहाताएवढा कॉम्प्युटर. फ्रीजचं दार कधी उघडलं, एवढंच तो लिहून ठेवायचा आणि पवईच्या ऑफिसात बसून मी ते वाचायचे. अशा प्रत्येक यंत्राला एक लांबलचक नंबर असतो. तो कोण पाठ करणार? म्हणून माझ्या लॅपटॉपमधल्या यादीत त्या नंबरासमोर मी नाव लिहून टाकलं होतं, 'आई'.

त्या दिवशी अकराला नेहमीसारखा फोन केला, तिने उचलला नाही. लगेच लॅपटॉपवरून 'आई'ला हाक मारली, आम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत पिंग केलं. पटापट उत्तरं आली. डबा चालू, म्हणजे घरात वीज आहे, नेट आहे. आंघोळीला गेली असेल. मी मीटिंगला जाऊन बसले आणि तिथे चक्क विनोदही केले.

साडेबारालाही फोन उचलला नाही. फ्रीज कधी उघडला ते बघायला डब्यात शिरू लागले, तर स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत इशारा आला: समोरच्या यंत्राची ओळख बदलली आहे. कोण शिरलंय आईच्या घरात?

यादी उघडली. त्यात 'आई' नावाच्या दोन ओळी होत्या.

वरची नवऱ्याची. आदल्याच दिवशी, रविवारी, त्याने माझ्याच लॅपटॉपवर बसून बोरिवलीला त्याच्या आईकडे तसाच डबा जोडला होता आणि सरळ मनाने नाव दिलं होतं, 'आई'. त्याच्यावर ओरडायची सोय नव्हती. मीही सासूबाईंना आईच म्हणते. कॉम्प्युटरला वरची ओळ आधी दिसली, तो तिकडे गेला. सकाळी मला ओ दिली होती ती सासूबाईंच्या डब्याने.

खालच्या ओळीतला नंबर हाताने टाइप केला. तीनदा चुकला. चौथ्यांदा बरोबर पडला, आणि पलीकडून काहीच आलं नाही.

शेजारच्या काकूंकडे आईच्या घराची किल्ली असते. त्यांना फोन लावून लाइट गेलेत का विचारलं. "अगं, आमच्याकडे लाइट आहेत की," म्हणत त्या निघाल्या. फोन चालूच होता. किल्ली कुलपात फिरल्याचं ऐकू आलं. मग काकूंचा आवाज, "अगं, इथे तर लाइट नाहीत!" मग बराच वेळ नुसती चपलांची फटफट. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी ऑफिसच्या जिन्यातच खाली बसले.

आई बाथरूमच्या फरशीवर होती. शुद्धीवर होती. गीझरमुळे मेन स्विच पडला, बिनखिडकीच्या त्या बाथरूमच्या अंधारात तिचा पाय घसरला, आणि विजेबरोबर डबाही बंद झाला. साडेदहापासून ती ओल्यात पडून होती.

हॉस्पिटलात तिचा हात धरून मी आधी चिडलेच. "ओरडायचं ना, आई! काकू भिंतीपलीकडे होत्या."

"ओरडायचं कशाला?" ती म्हणाली. "म्हटलं, तुझ्या डब्याला कळलं असेलच. तू निघाली असशील."

अकरा वाजता मी खरोखरच तिची चौकशी केली होती, आणि सगळं ठीक आहे म्हणून मीटिंगला गेले होते. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.