मागायच्या आधीची लायब्ररी

काल चिंचोळीच्या ऑफिसात नव्या मुलीच्या स्क्रीनवर ‘अनडिफाइंड रेफरन्स’, म्हणजे फंक्शन सापडत नसल्याची चूक, दिसली आणि कॉलेजच्या लॅबमधला कोंदट वास नाकात शिरला.

शेवटची प्रॅक्टिकल होती. चपला बाहेर, खिडक्या बंद, दार आतून लावलेलं. नापास झाले तर शिक्षण बंद, असं आप्पांनी बजावलेलं. वर्गमूळ काढायचा प्रोग्राम बरोबर होता, तरी कॉम्प्युटर म्हणे वर्गमूळाचं फंक्शनच सापडत नाही. गणिताची लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा साठा, तर मी प्रोग्राम जोडायच्या कमांडमध्ये माझ्या फाइलच्याही आधी लिहिलेली! घामानं बोटं कीबोर्डवर घसरत होती. उठून जायची सोय नव्हती.

परीक्षक मागं येऊन थांबले. “लायब्ररी आधी का गं?”

“लागणारच की सर, म्हणून आधीच दिली.”

“कॉम्प्युटर काय पाहुणा हाय व्हय, मागायच्या आधी वाढायला? फाइलनं मागितल्यावरच त्यो लायब्ररीत बघतो. आधी दिलेलं सोडून देतो.”

लायब्ररी शेवटी नेली, प्रोग्राम चालला. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी झाले.

आमच्या घरात मात्र मागायच्या आधीच ताटात भाकरी पडते. काल ऑफिसातली ती नवी मुलगी सकाळपासून त्याच चुकीशी झटत होती, पण कुणाला विचारत नव्हती. मी खुर्ची ओढली आणि तिनं न विचारताच शेजारी बसले.