फक्कीने आखलेले घर

अर्जदार : माझी पत्नी सुमन. सामनेवाला : मी स्वतः, तहसील कचेरीबाहेर वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहिणारा. साक्षीदार : दगडू मिस्त्री. वार गुरुवार, सकाळची वेळ.

आमच्या मोकळ्या प्लॉटवर मिस्त्रींनी पांढऱ्या फक्कीने घर आखले, तेव्हा हिने दाराच्या जागेबाहेर चपला काढल्या आणि मगच आत पाऊल ठेवले. भिंत नाही, उंबरा नाही; तरीही घर झाले होते! विटा येण्याआधीच घर पायांना कळते, हे मला त्या क्षणी मनोमन पटले.

मग तिने वर पाहिले. "अहो, स्लॅबवर जायचं कुठून? पापड काय उडत जाऊन वाळत घालू?"

"खर्चात बसेना म्हणून भाऊंनी जिना काढलाय, वहिनी," मिस्त्री हसले. "स्वतःची कचेरीची खोली मात्र ठेवलीय."

मी मान खाली घातली. समोर तिच्या चपला होत्या, रेघेबाहेर नीट जोडून ठेवलेल्या.

तरी मिस्त्रींस विनंती, की माझी खोली पुसून तेथे जिना आखावा. आणि त्याखाली माझे टेबल मावेल काय, याचे उत्तर कृपया आजच द्यावे.